उष्णताप्रिय जीवाणू आणि व्यापाऱ्याचा जमाखर्च

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी करपद्धती, वजनमापे, वाहतूक, उधारी-वसुली अशा विषयांवर जाणकार सभासदांचे लेख येतात व ते आपण आवडीने वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने परका वाटेल. कढत पाण्यात सुखाने वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आणि त्यांच्याकरवी तयार होणारे, मातीत मिसळून जाणारे प्लॅस्टिक, हा तो विषय होय. हे काम प्रयोगशाळेचे; त्यात दुकानदाराने काय लिहावे, अशी शंका कोणासही येईल. परंतु त्या प्लॅस्टिकची पिशवी शेवटी ग्राहकाच्या हाती देणारा व्यापारीच असतो, आणि ती देताना तो जे शब्द बोलतो त्यांची जबाबदारीही त्याचीच असते. तेव्हा ह्या विषयाची माहिती करून घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे मला नम्रपणे वाटते.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका फसगतीमुळे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने ‘निसर्गात विरघळणाऱ्या’ पिशव्या म्हणून मला पाच पोती माल दिला. भाव नेहमीपेक्षा चढा होता; पण चांगल्या कामाला चार पैसे अधिक पडले तर हरकत नाही, अशा समजुतीने मी तो घेतला आणि गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने तेच सांगू लागलो. उरलेली दोन पोती गोदामाच्या पत्र्याखाली पडून राहिली. उन्हाळा सरल्यावर ती उघडली, तो पिशव्यांचा भुगा झालेला. तो भुगा मी घरच्या कुंडीतील मातीत मिसळला. पुढील वर्षी माती उपसली तेव्हा ते चकचकीत कण जसेच्या तसे हाताला लागले. रसायनशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलाने मग उलगडा केला: हे साधे पॉलिथिनच होते, त्यात काही धातूंचे क्षार मिसळले की ऊन व हवा लागून त्याचे तुकडे पडतात, पण तुकडे पडणे म्हणजे विरणे नव्हे. युरोपीय संघाने असल्या मालावर २०२१ च्या जुलैपासून बंदी घातली आहे, हेही मला तेव्हाच कळले. पैशाचे नुकसान वहीत लिहिता आले. पण शेकडो गिऱ्हाइकांशी मी अजाणता जे खोटे बोललो ते कोणत्या खात्यावर घालावे, हे मला आजही उमगलेले नाही.

तारनाक्याची प्रयोगशाळा

खरोखर विरणारे प्लॅस्टिक असते का, असल्यास ते कसे होते, ह्याचा शोध घेऊ लागलो तेव्हा माझे लक्ष हैदराबादच्या तारनाका ह्या भागाकडे गेले. उस्मानिया विद्यापीठ तारनाक्याला लागूनच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थाही तेथेच आहे. मराठवाड्यातील आपल्या वडीलधाऱ्यांना हैदराबाद मुळीच परके नव्हते. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाचही जिल्हे त्याच राज्यात होते आणि आपल्या पुष्कळ पेढ्यांचा माल बेगम बाजारातून भरला जात असे. त्याच काळात, १९४४ साली, हैदराबादेत उद्योगोपयोगी संशोधनासाठी मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन झाली. १९५६ साली ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली येऊन विभागीय संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९८९ साली तिला भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था हे आजचे नाव मिळाले.

ह्या संस्थेचे एक काम आपल्या बाजारपेठेच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात रोज सुमारे १० टन पाला, देठ व नासकी भाजी साचत असे. ती गाड्यांत भरून शहराबाहेर टाकणे हा रोजचा खर्च, आणि दुर्गंधी ती निराळीच. तारनाक्याच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या पद्धतीने तेथे आता हा कचरा बंद टाकीत, हवेविना, जीवाणूंच्या स्वाधीन केला जातो. त्यातून निघणाऱ्या वायूवर दिवसाला सुमारे ५०० युनिट वीज तयार होते व बाजारातील उपाहारगृहाच्या चुलीही पेटतात. ३१ जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ह्या बाजाराचा गौरवाने उल्लेख केला तेव्हा पुष्कळांना ही गोष्ट प्रथम कळली.

आता ह्या टाकीत जे घडते ते थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. भाजीचा वायू एकदम होत नाही. आधी एका जातीचे जीवाणू तिच्यातील पिष्ट व साखर फोडून निरनिराळी आम्ले तयार करतात. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या आम्लांचा वायू करतात. पहिल्या टप्प्यावरच थांबून ती आम्ले काढून घेतली, तर त्यांपासून प्लॅस्टिक बनू शकते. ह्याच संस्थेत श्री. एस. वेंकट मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेले अन्न व सांडपाणी ह्यांतून अशी आम्ले काढून, ती जीवाणूंना खाऊ घालून, त्यांच्याकडून प्लॅस्टिकसारखा पदार्थ करून घेण्याविषयी केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. ज्याला आपण कचरा म्हणून पैसे देऊन बाहेर टाकतो, तो उद्याच्या कारखान्याचा कच्चा माल ठरू शकतो, ही गोष्ट व्यापाऱ्याला विचार करावयास लावणारी नाही काय?

कढत पाण्यातील कामकरी

सर्वसाधारण जीवाणू तीस-पस्तीस अंश उष्णतेत सुखी असतात. दह्याचे विरजण आपण कोमट दुधात लावतो ते ह्याचसाठी. फार तापलेल्या दुधात विरजण मरते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. परंतु काही जीवाणू पन्नास, साठ, सत्तर अंशांतच भरभराटतात. १९६६ साली अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत टॉमस ब्रॉक ह्या शास्त्रज्ञास अशा जातीचा एक जीवाणू सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या एका विकराच्या जोरावर पुढे आनुवंशिक द्रव्याच्या प्रती काढण्याची रीत जगभर रूढ झाली. करोनाच्या साथीत ज्या चाचणीने घराघरांत धाकधूक निर्माण केली, तिच्या मुळाशी हाच कढत पाण्यातील जीव होता.

त्यासाठी यलोस्टोनलाच जावे लागते असे नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरी, राजापूर, तुरळ, उनपदेव, आणि तेलंगणाच्या सीमेलगत किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे गरम पाण्याची कुंडे आहेत व भाविक तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्नान करीत आले आहेत. उनकेश्वरच्या कुंडातील जीवाणूसृष्टीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. फार काय, ज्या शेतकऱ्याने मुरत्या शेणखताच्या ढिगात हात घातला आहे त्याने ह्या जीवांची ऊब प्रत्यक्ष अनुभवलेली आहे.

आता ह्यांचा प्लॅस्टिकशी संबंध कसा, ते सांगतो. दह्याला आंबटपणा देणारे जे आम्ल ते दुग्धाम्ल, म्हणजेच लॅक्टिक आम्ल. शेले ह्या शास्त्रज्ञाने ते १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे केले. ह्या आम्लाचे कण साखळीसारखे एकमेकांत गुंफले की पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे पारदर्शक, कडक प्लॅस्टिक होते. हे आम्ल मिळविण्यासाठी दुधाची गरज नाही. उसाची साखर वा मक्याचे पिष्टही चालते. आंबविण्याचे काम पन्नास-पंचावन्न अंशांत वाढणाऱ्या बॅसिलस कोअॅग्युलन्स ह्या जीवाणूकडे दिले तर तीन लाभ होतात, आणि ते तिन्ही व्यापाऱ्यास चटकन समजण्याजोगे आहेत.

पहिला लाभ असा की, इतक्या उष्णतेत परके जीवाणू सहसा तग धरीत नाहीत. आपल्या लोणच्याच्या बरणीला एक ओला चमचा लागला की सारी बरणी वाया जाते. कारखान्यातील मोठ्या टाकीची गतही तीच. उष्ण टाकीत ही नासाडी व ती टाळण्याचा खर्च दोन्ही कमी होतात. दुसरा लाभ थंडाव्याचा. आंबविण्याच्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि साध्या जीवाणूंच्या टाकीला सतत थंड पाणी द्यावे लागते. ज्या हैदराबादेत वा जळगावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे हा खर्च किती होत असेल ह्याची कल्पना करावी. पन्नास अंशांची टाकी थंड राखण्यास साधे पाणी पुरते. तिसरा लाभ सर्वांत मोलाचा. उसाच्या चिपाडातील तंतूंचे साखरेत रूपांतर करणारी विकरे पन्नास अंशांच्या आसपासच उत्तम काम करतात. म्हणजे साखर फोडणारे व आम्ल करणारे दोघेही एकाच टाकीत एकाच वेळी कामाला लावता येतात. शिवाय चिपाडात ज्या पाच कर्बांच्या साखरा असतात त्या साध्या यीस्टला पचत नाहीत; हा जीवाणू त्याही खातो. त्यामुळे माणसाच्या तोंडचा घास न काढता, चिपाड, भुसा, तुसे ह्यांवर हा धंदा चालविण्याची आशा वाटते.

हिशेबाचीही एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. साखरेपासून मद्यार्क केला तर १ किलो साखरेचा जास्तीत जास्त ५१० ग्रॅम मद्यार्क होतो. उरलेले वजन वायू होऊन उडून जाते. दुग्धाम्ल केले तर, निदान कागदावर, १ किलो साखरेचे १ किलो आम्ल होते आणि त्याचे ८०० ग्रॅम प्लॅस्टिक. प्रत्यक्षात घट येतेच. तरीही घटीचा हिशेब पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ह्या आकड्यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हे सारे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात २००२ पासून मक्याच्या पिष्टापासून हे प्लॅस्टिक करणारा मोठा कारखाना चालू आहे. आपल्याकडे पुण्याजवळ खंडोबाच्या जेजुरीत प्राज उद्योगसमूहाचा प्रात्यक्षिक कारखाना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. वर्षाला १०० टन दुग्धाम्ल व ५५ टन प्लॅस्टिक एवढी त्याची क्षमता सांगितली जाते. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात कुंभी येथे बलरामपूर साखर कारखान्याच्या ह्याच मालाच्या मोठ्या कारखान्याची पायाभरणी २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. उसाचा प्रदेश म्हणून मिरविणाऱ्या महाराष्ट्राने ह्यात मागे राहू नये, हे ओघानेच आले.

नाण्याची खोटी बाजू

परंतु एकदा ठेच लागलेला मनुष्य दुसऱ्यांदा जपून पाऊल टाकतो. ह्या नव्या मालाचे दोषही येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

आंबविताना टाकी फार आंबट झाली तर जीवाणू काम थांबवितात, म्हणून तीत चुना घालतात. मग आम्ल सोडवून घेण्यासाठी गंधकाम्ल घालतात. ह्या व्यवहारात जवळजवळ आम्लाइतकेच जिप्सम शिल्लक राहते. ते कोठे टाकावयाचे, हा प्रश्न उरतोच. नव्या रीतींनी तो कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मालाचा भावही पॉलिथिनपेक्षा पुष्कळ चढा आहे. तसेच पन्नास-साठ अंशांत तो मऊ पडतो. चैत्र-वैशाखात बंद मालमोटारीत ठेवलेले पेले वाकडे झाले तर कारखानदाराशी भांडण्याआधी हे आठवावे.

सर्वांत महत्त्वाचा दोष, किंवा दोषापेक्षा गैरसमज म्हणू, तो विरण्यासंबंधीचा आहे. पॉलिलॅक्टिक आम्ल कोठेही फेकले तरी विरते, असे नाही. त्याला सुमारे ५८ अंशांची ऊब, ओलावा आणि भरपूर जीवाणू ह्यांची गरज असते. अशी स्थिती मोठ्या, नीट राखलेल्या खतखान्यात असते. तेथे काही महिन्यांत त्याचे पाणी, कर्बवायू व खत होते. पण रस्त्याकडेच्या गटारात, मुशी वा गोदावरीच्या पात्रात किंवा समुद्राच्या थंड पाण्यात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. उष्णताप्रिय जीवाणूंनी ज्याला जन्म दिला त्याची अंतिम क्रियाही उष्णताप्रिय जीवाणूंनीच करावी लागते, असा हा व्यवहार आहे. तेव्हा ‘कोठेही टाका, विरून जाईल’ असे सांगून हा माल विकणारा व्यापारी माझ्या त्या पाच पोत्यांच्या विक्रेत्याहून फारसा निराळा नाही.

दुसरी एक जात ह्या बाबतीत अधिक गुणी आहे. १९२६ साली मॉरिस लेमॉइन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काही जीवाणू आपल्या शरीरातच प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे कण साठवितात. आपण सुगीत धान्याची कणगी भरून ठेवावी तसा हा त्यांचा दुष्काळासाठीचा साठा असतो. हा पदार्थ साध्या मातीत व समुद्रातही विरतो. १९९० साली जर्मनीत ह्या प्लॅस्टिकच्या शाम्पूच्या बाटल्या बाजारात आल्या होत्या. पण किंमत परवडेना, म्हणून तो प्रयत्न फार पसरला नाही. तारनाक्यात टाकाऊ मालापासून जो पदार्थ करण्याचे प्रयत्न झाले तो ह्याच कुळातला. कच्चा माल जवळजवळ फुकट मिळाला तर किंमत आवाक्यात येईल, हा त्यामागील विचार व्यापाऱ्याला पटण्यासारखाच आहे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. बाजारात खतयोग्य म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्यांत खनिज तेलापासून केलेला, पण खतखान्यात विरणारा, दुसराच एक पदार्थ मोठ्या प्रमाणात असतो. ‘वनस्पतीपासून बनलेले’ आणि ‘विरणारे’ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन्ही गुण असतील तरच दोन्ही शब्द वापरावेत.

जीवदयेचा प्रश्न

आपल्या समाजात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोट्यवधी जीवाणू टाकीत वाढवावयाचे, राबवावयाचे आणि शेवटी मारावयाचे, हा धंदा आपणांस शोभतो काय?

ह्याचा निर्णय देण्याचा अधिकार मजसारख्या संसारी माणसाचा नाही. तो गुरुजनांचा व शास्त्र जाणणाऱ्या पंडितांचा आहे. परंतु विचारासाठी काही गोष्टी पुढे ठेवतो. आपल्या पूर्वजांनी श्रावकाला वर्ज्य म्हणून जे पंधरा व्यवसाय सांगितले त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आहे. लाख हे एका अर्थी जुन्या काळचे प्लॅस्टिकच होय. तापविली की मऊ होते, हवा तो आकार घेते, निवाली की कडक होते. चारमिनारजवळच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्या आजही जगभर जातात. पण ती मिळविताना असंख्य किडे मरतात, म्हणून त्या व्यापारास दोष दिला गेला. ह्यावरून एवढे नक्की दिसते की, वस्तू कोठून आली आणि तिच्यासाठी कोणाचा जीव गेला, हे विचारणे आपल्या परंपरेत व्यापाराचाच एक भाग मानलेले आहे. मग पॉलिथिनलाही तोच प्रश्न विचारावयास हवा. ते तेलापासून होते, त्याला करताना किडा मरत नाही. परंतु केल्यानंतर काय होते? रस्त्यावर फिरणाऱ्या गायी उष्ट्या अन्नासकट पिशव्या गिळतात आणि त्यांच्या पोटात त्यांचे गोळे होतात. पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने अशा गायींची हकीगत घेऊन २०१२ साली थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. पांजरपोळासाठी वर्षाला देणगी द्यावयाची आणि गायीच्या पोटात जाणारी पिशवी दिवसाला शंभर वेळा द्यावयाची, हा जमाखर्च जुळत नाही.

जीवाणूंपुरते बोलावयाचे तर त्यांतही भेद आहे. दुग्धाम्ल हे जीवाणू आपण होऊन शरीराबाहेर टाकतात, जसे ते दह्यात टाकतात. लेमॉइनच्या पदार्थात मात्र साठा शरीराच्या आत असल्याने तो काढण्यासाठी पेशी फोडावी लागते. पहिल्या प्रकारातही काम संपल्यावर टाकी तापवून स्वच्छ करावी लागते, हे लपविण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजूने, बाजाराच्या आवारात कुजत पडलेल्या भाजीत ह्याहून अगणित जीव जन्मतात व मरतात, आणि त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नसते. आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे भेद करून गृहस्थाच्या धंद्यात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा निराळी मानली आणि तीही शक्य तितकी कमी करावी असे सांगितले. ह्या मापाने नव्या व जुन्या मालाची तुलना व्हावी. एका डोळ्याने टाकीतील जीवाणू पाहावा आणि दुसरा डोळा गायीवरून काढून घ्यावा, हे काही अनेकान्ताला धरून होणार नाही.

कायदा आणि आपले कर्तव्य

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लॅस्टिकची पिशवी १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही. खतयोग्य प्लॅस्टिकच्या पिशवीला ही जाडीची अट नाही. पण तिच्या उत्पादकाने ठरलेल्या मानकाप्रमाणे कसोटी उतरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतलेले असले पाहिजे. २०२४ च्या मार्चमधील दुरुस्तीने तर ‘जैवविघटनशील’ ह्या शब्दाचा अर्थही बांधून दिला: सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण मागे न ठेवता जे विरेल तेच. माझ्या कुंडीतील चकचकीत कणांना आता कायद्यानेही आश्रय नाही.

पण कायदा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आतील व्यवहार आपल्या सचोटीवर चालतो. म्हणून संघापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की, संघाने सभासदांच्या वतीने पिशव्यांची एकत्र खरेदी करावी. एकट्या दुकानदाराला प्रमाणपत्राचा क्रमांक खरा की खोटा हे पडताळणे जड जाते. संघास ते सोपे आहे. वर्षातून एकदा बाजारातील नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत व निष्कर्ष सभासदांना कळवावेत. एकत्र खरेदीत भावही उतरेल.

दुसरी सूचना, जी पिशवी खतखान्यात विरते ती खतखान्यात पोहोचविण्याची सोयही आपणच करावी. दुकानात परतीची पेटी ठेवावी आणि आठवड्यास एकदा ती नगरपालिकेच्या खतखान्याकडे जावी. हे जमत नसेल तर तसली पिशवी देऊच नये. अर्धवट पुण्यापेक्षा सरळ नकार बरा.

तिसरी सूचना धान्य, भाजी व फळांच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. बोवेनपल्लीत जे साधले ते आपल्या बाजार समित्यांत साधण्यास काय हरकत आहे? त्यासाठी ओला कचरा मुळातच निराळा ठेवावा लागतो, आणि ते काम कोणताही शास्त्रज्ञ तारनाक्याहून येऊन करणार नाही. ते हमाल, तोलणार, अडते व आपण मिळूनच करावयाचे आहे.

चौथी सूचना शिक्षणाची. आपल्या समाजातील हुशार मुले सनदी लेखापाल होतात, वैद्यक शिकतात. ते योग्यच आहे. परंतु सूक्ष्मजीवशास्त्र व रासायनिक तंत्रज्ञान शिकून तारनाका, पुणे येथील प्रयोगशाळांत काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी संघाच्या शिक्षणनिधीतून दरसाल एक तरी शिष्यवृत्ती राखून ठेवावी. उद्याच्या कच्च्या मालाची पारख करणारी माणसे आज तयार व्हावयास हवीत. ज्या पिढीने कापसाची प्रत बोटांनी ओळखली, तिच्या नातवंडांना पिशवीची प्रत ओळखता येऊ नये, हे बरे नव्हे.

ह्या चारही सूचनांच्या आधी एक पाचवी आहे, आणि तिला ना जीवाणू लागतो ना कारखाना. आपल्या आजोबांच्या दुकानी येणारे गिऱ्हाईक हातात कापडी पिशवी व तेलाची बरणी घेऊन येत असे. जी पिशवी द्यावीच लागली नाही तिच्याइतकी निरुपद्रवी पिशवी कोणतीही प्रयोगशाळा करू शकणार नाही. नव्या प्लॅस्टिकचे स्थान त्यानंतरचे आहे: जेथे ओल आहे, जेथे कापड चालत नाही, जेथे माल खतासकट खतखान्यातच जावयाचा आहे, तेथे.

माझ्या गोदामातील त्या दोन पोत्यांचा भुगा मी अजून टाकलेला नाही. तो एका डब्यात भरून गल्ल्याजवळ ठेवला आहे. एखादा विक्रेता नव्या पिशवीचे गुण सांगू लागला की मी तो डबा पुढे करतो आणि प्रमाणपत्र मागतो. पुष्कळसे विक्रेते मग पुन्हा येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी व्यवहार करण्यास भीती वाटत नाही. सभासद बंधुभगिनींनी ह्या विषयाचा शांतपणे विचार करावा आणि येत्या वार्षिक सभेत पहिल्या सूचनेवर तरी ठराव करावा, अशी नम्र विनंती करून हा लेख संपवितो.